"सुदैवाने जीवितहानी नाही" छापायच्या आधी हजेरी कोणी घेतली ते विचारा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एमआयडीसीतल्या आगीची बातमी वाचली. दोन कॉलम होती, फोटो पण भारी होता, काळा धूर आन् पुढे बंब. लाखोंचं नुकसान, शॉर्टसर्किटचा अंदाज, आन् शेवटची ओळ नेहमीचीच, "सुदैवाने जीवितहानी झाली नाही". मी तीस वर्षं टाइमकीपर म्हणून नोकरी केली, आधी जिनिंगमध्ये, मग जळगावला चटईच्या कंपनीत, आन् ह्या ओळीवर माझा राग आहे. राग म्हणजे तुमच्यावर नाही हो, ओळीवर. कारण आमच्या कंपनीत आग लागली होती तेव्हाही दुसऱ्या दिवशी पेपरात हीच ओळ आली होती (कोणत्या पेपरात ते जाऊ द्या), आन् त्या वेळी गेटबाहेर हातात रजिस्टर घेऊन उभा असलेला माणूस मी होतो, मला माहीत आहे काय झालं ते.

एप्रिल महिना होता, ऊन म्हणजे आपल्या जळगावचं ऊन, पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. तीनला शिफ्ट बदलते. तीनला दहा कमी असताना प्लास्टिकचा दाणा वितळवायच्या मशीनच्या पॅनलमधून धूर निघाला आन् शेजारी रिकाम्या गोण्यांची थप्पी होती ती पेटली. वॉचमन हुशार, त्याने लगेच भोंगा दाबला. आता गंमत बघा, शिफ्ट सुटायचा पण तोच भोंगा. मग लोकांनी काय केलं, हात धुतले, डबे उचलले, चपला शोधल्या. दोन बाया तर आरामात वेणी घालत होत्या, मी ओरडलो तर एक म्हणते, "भोंगा वाजना ना, मंग सुट्टी व्हयनी!" धूर त्यांच्या डोक्यावर पत्र्याखाली जमा होत होता आन् ह्या हसत होत्या. प्लास्टिकचा धूर आधी वरती छताला जातो, तिथून पसरत पसरत खाली उतरायला लागतो, आन् एकदा तोंडापर्यंत आला की मग दार दहा पावलांवर असलं तरी दिसत नाही. म्हणून वाकून, जमलं तर रांगत निघायचं असतं, खालची हवा त्यातल्या त्यात बरी असते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर फायरवाल्यांनी सांगितलं. ओला रुमाल तोंडाला लावला की झालं असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, त्याने काजळी थोडी अडते पण विषारी वायू अडत नाही, तेव्हा रुमाल ओला करायला नळाकडे पळण्यात वेळ घालवू नये.

तर सगळे निघाले पुढच्याच दाराने. मागे शटर होतं, मोठं, ट्रक लागायचं. पण दाणा चोरीला जातो म्हणून शटरला कुलूप आन् किल्ली शेठच्या केबिनमध्ये. तशी किल्ली असती तरी उपयोग नव्हता, शटरच्या आतून तयार चटयांचे गठ्ठे लावलेले होते, सीझन होता ना. पण कुलूप नसतं तरी लोक तिकडे गेले नसते असं मला आता वाटतं, कारण माणूस घाबरला की ज्या दारानं रोज येतो त्याच दाराकडे पळतो. गुराढोरांसारखं. मागच्या दारानं तो एकदा तरी गेलेला पाहिजे, पायाला ती वाट माहीत पाहिजे, तरच ऐन वेळी पाय तिकडे वळतात. भिंतीवर हिरवी पाटी लावून, आन् बाण काढून, हे होत नाही. आमच्या पाटीवर तर कोणी ओढणी वाळत घातली होती.

असो. सगळे बाहेर आले. रस्त्यापलीकडे निंबाच्या झाडाखाली गर्दी. शेठनी विचारलं, टाइमकीपर, सगळे आले का? माझ्या रजिस्टरात नावं ६४. मी मोजलं तर ७१ भरले. मी म्हटलं चला, कमी तर नाही ना, जास्तच आहेत. आन् हीच माझी चूक, संपादक साहेब, अजून झोपेत आठवते. कारण त्या ७१ मध्ये पुढच्या शिफ्टचे आलेले होते, शेजारच्या दाल मिलचे बघे होते, ट्रकवाला आन् क्लीनर होता. आन् ठेकेदाराचे जे पोरं होते ते माझ्या रजिस्टरात कधी नव्हतेच, त्यांची हजेरी ठेकेदार आपल्या डायरीत ठेवायचा आन् ठेकेदार त्या दिवशी पाचोऱ्याला लग्नाला गेला होता. मग मुकादम ओरडला, अरे तो छोटू कुठे आहे? कोणी म्हटलं आत्ता तर गोण्या उचलत होता. कोणी म्हटलं माळ्यावर झोपतो तो दुपारी. बस, तेवढं ऐकलं आन् आमचा फिटर, सगळे त्याला आबा म्हणायचे, पन्नाशीचा माणूस, कोणाला काही न बोलता बाजूच्या खिडकीकडून आत गेला. जाळी त्यानेच कधीतरी बसवली होती, त्याला माहीत होतं कुठे ढिली आहे.

छोटू माळ्यावर नव्हता. तो तीनला पंधरा कमी असतानाच कोपऱ्यावरच्या रसवंतीवर उसाचा रस प्यायला गेला होता. गर्दी बघून ग्लास हातात घेऊनच आला आन् आमच्याच मागे उभा राहून तमाशा बघत होता. त्याला कोणीतरी पाहिलं तेव्हा तो म्हणतो, "मी ते आठेच शे ना भो," म्हणजे मी तर इथेच आहे.

आबाला बंबवाल्यांनी ओढून काढलं. जळाला नव्हता जास्त, पण धूर छातीत गेला होता. अकरा दिवस दवाखान्यात, त्यातले चार श्वासाच्या मशीनवर. वाचला. म्हणून जीवितहानी नाही, बरोबर आहे तुमचं. पण नंतर त्याला धुळीत काम होईना, जिना चढला की धाप, कंपनीने काही दिवस गेटवर बसवलं आन् मग ते पण बंद झालं. आता गावाकडे असतो. रात्री खोकल्याने झोप नाही. आगीने त्याचं काही केलं नव्हतं साहेब, तो तर सगळ्यात आधी बाहेर आलेल्यांपैकी होता. त्याला आत पाठवलं माझ्या रजिस्टराने.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेर पडणं म्हणजे गेटबाहेर येणं नाही. कोण आलं आन् कोण नाही आलं हे नावानिशी दोन मिनिटात सांगता येणं, तेव्हा बाहेर पडणं पूर्ण होतं. तोपर्यंत कोणीतरी आबा परत आत जाणारच, आपल्याकडची माणसं तशीच आहेत, आन् ती तशी आहेत हे चांगलंच आहे, पण मग त्यांना जायची वेळ येऊ नये हे काम बाबू लोकांचं आहे.

कायद्यात हे नाही असं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम ३८ वाचा (तो कायदा २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत होता, मग त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), त्यात नुसतं आग विझवायची साधनं ठेवा एवढंच म्हटलेलं नव्हतं, सुटकेची वाट प्रत्येक कामगाराला माहीत पाहिजे आन् अशा वेळी काय करायचं त्याचं शिक्षण त्याला दिलेलं पाहिजे असं पण होतं. ऐंशी वर्षं होत आली त्याला. महाराष्ट्राचा आगीचा वेगळा कायदा २००६ चा आहे, त्यात जानेवारी आन् जुलैला फॉर्म बी भरावा लागतो, लायसनवाली एजन्सी येते, सिलिंडर बघते, पंप बघते, सही शिक्का. ते झालंच पाहिजे, पण तो कागद पंप चालतो का ते सांगतो, माणसं चालतात का ते सांगत नाही. सिलिंडरचं पण तसंच. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर दाबला की पंधरावीस सेकंदात रिकामा होतो हे किती जणांना माहीत आहे? लोकांना वाटतं बंबासारखा चालत राहील. पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, वर ज्वाळेवर नाही, आन् दार आपल्या पाठीशी ठेवायचं म्हणजे नाही विझली तर मागे सरता येतं. एक सिलिंडर संपला आन् आग तशीच असली तर तुमचं काम संपलं, निघा. आमच्याकडे दोघं चौघं सिलिंडर शोधण्यातच धुरात अडकले असते.

रात्रीचं तर वेगळंच आहे. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजला हातमोज्याच्या कंपनीला आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गेले. २०२५ च्या मे महिन्यात सोलापूरला टॉवेल कारखान्यात पहाटे आग लागली, आठ जण गेले, त्यात तिथेच राहणारं मालकाचं कुटुंब पण होतं. आपल्या एमआयडीसीत रात्री चक्कर मारा, किती शेडमध्ये युपी बिहारचे पोरं आतच झोपतात, आन् बाहेरून कुलूप असतं ते वेगळं. ह्यांचं नाव कोणत्या शिफ्टच्या हजेरीत? कोणत्याच नाही. शिफ्ट संपली म्हणजे कागदावर ते घरी गेले. बंबवाला आला आन् विचारलं आत कोण आहे, तर वॉचमन काय सांगणार.

आन् आगीपेक्षा "आग आग" ही आरोळी जास्त वाईट असते हे आपल्या जिल्ह्याला कोणी सांगायची गरज नाही. २२ जानेवारी २०२५, पाचोरा तालुका, परधाडे जवळ पुष्पक एक्सप्रेस. डब्यात आग लागली अशी आवई उठली, चेन ओढली, गाडी थांबली, लोकांनी भराभर उड्या मारल्या त्या शेजारच्या रुळावर, आन् त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस येत होती. डझनभर माणसं गेली. आग नव्हतीच. मी त्या दिवसापासून एकच विचार करतो, की कोणी एकाने जरी "त्या बाजूला नका उतरू, ह्या बाजूला उतरा" असं सांगितलं असतं तर? पण सांगणार कोण, गाडीत कोण कोणाला ओळखतं. कंपनीत तसं नाही ना. कंपनीत मुकादम आहे, फोरमन आहे, सगळे रोज एकमेकांचे डबे खातात. तिथे ओरडायचं ते "आग" नाही ओरडायचं, "मागच्या दारानं चला" असं ओरडायचं, कुठे जायचं ते सांगायचं. आन् ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत. आमच्याकडे अर्ध्या बाया अहिराणी बोलणाऱ्या, सातपुड्यातून आलेले काही पावरी बोलणारे, मशीनवाले हिंदी, आन् भिंतीवरच्या सूचना इंग्रजीत. वा.

त्या आगीनंतर मी दुसऱ्या कंपनीत गेलो, आन् तिथे शेठला पहिल्या दिवशी सांगितलं की हजेरी माझ्या पद्धतीने घेईन. ते तयार झाले, पण दर तीन महिन्याला सगळ्यांना बाहेर काढायचं म्हटल्यावर त्यांचं तोंड वाकडं झालं, कारण मशीन बंद केलं की आतला दाणा जमतो, परत गरम करून साफ करावं लागतं, अर्धा दिवस जातो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग आम्ही मशीनची साफसफाई असते त्याच दिवशी ड्रिल ठेवायला लागलो. पहिल्या वेळी शेवटचा माणूस बाहेर यायला नऊ मिनिटं लागली. नऊ! तोवर शेड वितळून गेलं असतं. बाया हसत होत्या, एक म्हातारी म्हणे, "चाल व माय, निस्तं नाटक शे." म्हटलं नाटक तर नाटक, पण पाठ करा. दुसऱ्या वेळी पाच, चौथ्या वेळी अडीच मिनिटात शेड रिकामं.

काय केलं ते पण सांगतो, कोणाच्या उपयोगी पडलं तर. भोंगा वेगळा केला. शिफ्टचा एक लांब, आगीचा तुटक तुटक, थांबायचं नाही. ऐकू न येणारा एक लूमवाला होता, त्याच्या शेजारच्याने त्याच्या खांद्यावर दोनदा थाप मारायची असं ठरवलं, आन् तो शेजारचा रजेवर असला की कोण, ते पण ठरवलं. शटरचं कुलूप काढून आतून उघडेल अशी कडी लावली, चोरी होते त्यासाठी बाहेर कॅमेरा बसवला, तो कुलपापेक्षा महाग पडला हे कबूल. जमिनीवर पिवळा पट्टा मारला की इथे माल ठेवायचा नाही. त्या पट्ट्यावर पहिल्या दिवाळीच्या सीझनला परत गठ्ठे आलेच, मी रोज भांडायचो, लोक मला पिवळा बाबू म्हणायला लागले.

आन् मुख्य म्हणजे मोजणं माझ्या एकट्याकडून काढून घेतलं. एक माणूस गर्दी मोजू शकत नाही. दर मुकादमाकडे दहा बारा जण, त्याने आपलेच बघायचे, चेहरे बघून. बाहेर कंपाउंडवर चुन्याने खुणा केल्या, प्रत्येक टोळी आपल्या खुणेसमोर उभी राहणार, म्हणजे बघे आपोआप वेगळे पडतात. मुकादमाने येऊन मला फक्त एवढंच सांगायचं, "माझे पूर्ण" नाहीतर नाव, कोण नाही ते नाव आन् शेवटचं कुठे दिसला. आन् ते नाव आम्ही आत जाऊन शोधायचं नाही, ते बंबवाल्याला सांगायचं, १०१ वर फोन लागतोच आहे तोवर. त्यांच्याकडे हवेचे सिलिंडर असतात पाठीवर, आपल्याकडे रुमाल असतो. ठेकेदाराची पोरं, हमाल, ट्रकवाले, कोणी पाव्हणा आला तरी, गेटवर चिठ्ठी आन् चिठ्ठी रजिस्टरला टाचणीने. चहाला, रस प्यायला कोणी बाहेर गेला तर गेटवर त्याचं कार्ड खिळ्याला टांगून जायचं. छोटूमुळे. हसतात लोक, पण तो खिळा माझा सगळ्यात आवडता आहे.

आता म्हणे सगळीकडे थंब आला, हजेरी कंप्युटरात. चांगलं आहे, पगाराला बरं पडतं. पण कंप्युटर ऑफिसात, ऑफिस शेडमध्ये आन् शेडमध्ये धूर, मग यादी वाचणार कुठून? शिफ्ट चालू झाली की यादीचा एक फोटो वॉचमनच्या आन् मुकादमांच्या मोबाईलवर टाकून द्यावा, एका रुपयाचा खर्च नाही.

जिनिंगचं दोन शब्दात सांगतो कारण सीझन तोंडावर आहे. कापसाची आग आवाज करत नाही. रोलरमध्ये खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, ठिणगी पडली, ती रुईत आत आत जाते आन् वरून काहीच दिसत नाही, दोन तासाने गंजी पेटते. त्यामुळे "विझली, चला कामाला" असं म्हणून बायांना लगेच आत पाठवू नका, मालक लोकांनो. आन् नायलॉनच्या साडीचा पदर पेटला तर पळू नका, पळालं की हवा लागते, जमिनीवर आडवं पडून लोळायचं. हे प्रत्येक बाईला एकदा तरी जमिनीवर लोळून दाखवून शिकवा, लाज वाटते त्यांना, बायाच बायांना शिकवतील असं करा. केमिकलवाल्यांचं परत वेगळं, शिरपूरजवळ वाघाडीला २०१९ च्या ऑगस्टमध्ये स्फोट झाला तो आजूबाजूच्या गावांना अजून आठवतो, आन् २०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्याच एमआयडीसीत केमिकल कंपनीच्या आगीत माणसं गेली. तिथे जमायची जागा एक असून चालत नाही, दोन पाहिजेत, वारा बघून ठरवायचं, धूर ज्या बाजूला चालला त्या बाजूला उभं राहून हजेरी घेतली तर हजेरीच धुरात.

तुम्हाला विनंती एवढी की पुढच्या वेळी तुमचा वार्ताहर आगीच्या जागी जाईल तेव्हा नुकसानीचा आकडा विचारतो तसे अजून चार प्रश्न विचारावे. दारं किती होती आन् उघडी किती होती. भोंगा वेगळा होता का. ठेकेदाराच्या माणसांची यादी कोणाकडे होती. आन् सगळे बाहेर आले हे किती मिनिटांनी कळलं. त्याची उत्तरं छापा, उत्तर दिलं नाही तर ते पण छापा. मग "सुदैवाने" लिहायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आन् राग मानू नका, पण एक विचारतो. तुमच्या छापखान्यात पण रात्रपाळी असते, कागदाची रिळं असतात, शाई असते, पहाटे गठ्ठे बांधायला आन् टेम्पोत भरायला बाहेरची पोरं येतात. त्यांची नावं कोणाच्या रजिस्टरात आहेत? कळवलंत तर बरं वाटेल.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर (पिवळा बाबू), जळगाव